कानावर पडणे

मराठीने कानाला जेवढे कामाला लावले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या अवयवाला लावले असेल. आपण कान देतो, कान टवकारतो, कान उपटतो, कानाडोळा करतो आणि कुणी फारच पाल्हाळ लावले तर कानांत बोटे घालतो. या सगळ्यांत मला मोलाचा वाटतो तो ‘कानावर पडणे’ हा अगदी साधा वाक्प्रचार. त्यात ऐकणाऱ्याचा प्रयत्न नसतो की निवड नसते. शब्द आपले आपण येऊन पडतात आणि त्यांतले काही रुजतात.

कानांत बोटे घालण्याची गरज मात्र आता उरलेली नाही. बसस्टँडबाहेर दोरीला टांगलेले वायरचे इअरफोन दीडशे-दोनशे रुपयांना मिळतात. माझ्या खिशात असतो तो त्यांतलाच एक. बिनवायरचा घ्या, असा घरातून आग्रह झाला होता. पण त्याला रोज चार्जिंगला लावायचे आणि एक बोंड हरवले की जोडी मोडली म्हणून हळहळायचे, हे मला जमणारे नव्हते. वायरवाल्याला बॅटरी नाही, खोळंबा नाही. 2016 साली आयफोन 7 मधून 3.5 मिलिमीटरचे ते गोल भोक नाहीसे झाले आणि पुढे बहुतेक महागड्या फोनांनी तोच कित्ता गिरवला. स्वस्तातल्या अनेक फोनांत ते अजून टिकून आहे, हे आमच्यासारख्यांचे भाग्य.

स्वस्त वस्तूविषयी आपल्या मनात एक अढी असते. एवढ्याशा पैशात आवाज तो काय मिळणार? पण आतली रचना पाहिली तर ती अढी बरीच सैल होते. साधारण 10 मिलिमीटर व्यासाचा पातळ पडदा, त्याला चिकटलेले बारीक तारेचे वेटोळे आणि मागे लोहचुंबक, एवढाच हा संसार. विजेचा प्रवाह बदलेल तसे वेटोळे मागेपुढे होते आणि पडदा हवा ढकलतो. अनेक महाग इअरफोनांतही तत्त्व हेच असते. एवढासा पडदा पुरतो, कारण त्याला सभागृह भरायचे नसते. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब; तेवढीच हवा हलवायची. अट एकच, नळीचे तोंड नीट बंद झालेले हवे. फट राहिली की सर्वांत आधी खालचे स्वर गळून जातात.

माझी परीक्षा तंबोऱ्याची. काळी एकच्या पट्टीत तंबोरा लावला तर खर्जाच्या तारेची सेकंदाला साधारण 69 कंपने होतात. फोनच्या स्वतःच्या स्पीकरला हा खर्ज पेलत नाही; तिथे तंबोरा डब्यात वाजल्यासारखा वाटतो. इअरफोन लावला आणि टोपी नीट बसली, की तोच खर्ज दीडशे रुपयांतही भरून येतो. पुष्कळदा एका कानात तो भरदार लागतो आणि दुसऱ्या कानात पत्र्यासारखा. अशा वेळी माल खोटा आहे म्हणून लोक दुकानदाराशी हुज्जत घालतात. खोट बहुधा टोपीत असते. पाकिटात रबरी टोप्यांच्या लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या येतात. त्यांतल्या दोन पाकिटासकट कचऱ्यात जातात. माणसाचे दोन्ही कान एका मापाचे असतातच असे नाही. माझ्या डाव्या कानाला लहान टोपी लागते, उजव्याला मध्यम. एवढी अदलाबदल केली की अर्धा तास घालूनही कान दुखत नाही. वायर सदऱ्याला घासून खरखर येत असेल, तर ती कानाच्या मागून वळवून घ्यावी. याला पैसे पडत नाहीत.

स्वस्तातला खरा दोष निराळा आहे. गिऱ्हाईक धमकीला भुलते, म्हणून अनेक कंपन्या खालचे स्वर गरजेपेक्षा फुगवतात. गदगच्या भूमीतले भीमसेन जोशी मराठीत अभंग गात आणि कन्नडात दासवाणी. आमच्या भागाला दोन्ही आपलीच. असल्या इअरफोनात बायाँ एवढा घुमतो, की खुद्द पंडितजी शेजारच्या खोलीत बसून गात आहेत असे वाटते. गळा पुढे उभा राहिला आणि तंबोऱ्याची जवारी वेगळी गुणगुणली, तर तो इअरफोन घ्यावा. किंमत कितीही कमी असो.

टोपी नीट बसण्याचा आणखी एक फायदा आहे, तो मी वर्गात मुलांना मुद्दाम सांगतो. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मोठ्यांनी आठवड्याला 40 तास ऐकायचे तर आवाज 80 डेसिबलपर्यंत असावा, मुलांसाठी 75. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला अवघे 5. खडखडणाऱ्या बसमध्ये सैल टोपी घालून आवाज वाढवत नेणारा मुलगा हे 5 तास एका दिवसात संपवतो. कानाच्या शंखात सुमारे 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

येथवर मी रबरी टोपीचे गुण गायिले. आता तिची दुसरी बाजू. जी टोपी गोंगाट अडवते, ती घरही अडवते.

आमच्या लहानपणी गल्लीत रेडिओ मोजके आणि भिंती पातळ. शेजारी धारवाड केंद्र लागे. 1950 पासून चालू असलेल्या त्या केंद्रावरचे ‘वार्तेगळु’ आमच्या माजघरात ऐकू येई. आमच्याकडे सांगली लागे, ती त्यांच्या स्वयंपाकघरात जाई. आई दारात भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करी आणि त्याच दमात मला मराठीत रागावे. कन्नडचे पुस्तक हातात येण्याआधी निम्मे कन्नड मला येत होते, आणि शेजारच्या मुलांना मराठी. कुणी शिकवले नव्हते. कानावर पडले होते.

सीमाभागात भाषेसाठी सभा झाल्या, ठराव झाले, माणसांनी सोसले. त्याचे मोल मी कमी करत नाही. पण घरातली मराठी टिकली ती मुख्यतः अशी, ओसरीवर आणि चुलीपुढे बोललेली. आज आजी आणि नातू एकाच खोलीत असतात. आजी ‘उंबरा’, ‘न्हाणी’, ‘चिपाड’ म्हणते आणि नातवाच्या दोन्ही कानांत टोप्या असतात. शब्द पडतो, पण कानावर पडत नाही. आठवीच्या वर्गात ‘चिपाड’ म्हणजे काय असे विचारले तर हल्ली चार हात वर येतात, तेही ऊसवाल्यांच्या घरचे. दोष सगळा या तारेचा नाही. पण तिचा वाटा आहे.

यावर एक तोड जुनीच आहे. 1979 साली सोनीचा पहिला वॉकमन निघाला, तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन भोके होती. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात त्याचे कारण दिले आहे: ते घरी वॉकमन ऐकत बसले, तेव्हा आपल्याला वगळले म्हणून पत्नी नाराज झाली. वायरच्या इअरफोनला ही सोय जन्मतःच आहे. तार एक, टोके दोन. बसमध्ये दोन मैत्रिणी डोक्याला डोके लावून एकच गाणे ऐकताना दिसतात, ती याच तारेची कृपा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईने नातवाला विचारले, “काय रे ऐकतोस एवढं?” त्याने एक टोक तिच्या कानात घातले. गाणे कन्नड चित्रपटातले होते, त्यात ‘मुंगारु’ हा शब्द आला. आई म्हणाली, “मुंगारु म्हणजे मृगाचा पाऊस. मागाहून येतो तो हिंगारु. पेरण्या दोन्हींवर होतात, पीक निराळं.” मग मुंगारुवर काय पेरायचे, हिंगारुवर काय, हे तिने सांगितले, कुळव, कुरी, तिफण एकामागून एक आली. गाणे केव्हाच संपले होते, तरी टोक तिच्या कानात तसेच होते.

दोघांच्या एकेका कानाने ऐकलेले संगीत काही उत्तम नव्हे. तंबोऱ्याच्या परीक्षेत तो इअरफोन त्या वेळी नापास झाला असता. पण दोघांचाही दुसरा कान उघडा होता. तेव्हापासून आमच्या घरी इतर वेळी टोपी मापाची हवी हा नियम आहे, आणि आजी जवळ बसली असेल तर एकच टोक कानात घालायचे, हा दुसरा.