नळी कुणाची?

मागच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन चित्रकूटला गेलो होतो. ते दोघं दर्शनात मग्न, आणि मी जानकीकुंडापाशी दगडावर बसून मोबाईलची रेंज शोधत! घरी आल्यावर सहज वाचायला बसलो तर कळलं, की तिथल्याच दगडांवरून केवढं रामायण झालंय...

१९९८ साली डेहराडूनच्या वाडिया संस्थेतल्या रफत आझमींनी जाहीर केलं, की विंध्यच्या खालच्या थरांत कॅम्ब्रियन काळातल्या प्राण्यांचे बारीक जीवाश्म सापडलेत. म्हणजे साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीचे. पण खडकांचं वय मोजणारे म्हणत होते १६० कोटी! एवढ्या जुन्या खडकात प्राणी कुठून येणार? काहींनी तर जीवाश्मांवरच शंका घेतली.

मग स्टॉकहोमच्या स्टेफान बेंगट्सन आणि सहकाऱ्यांनी चित्रकूटहून नव्याने नमुने घेतले. २००९ मध्ये निकाल आला. जीवाश्म खरे, १६० कोटी हेही खरं, चुकली ती फक्त ओळख. प्राण्यांच्या गर्भासारखे दिसणारे गोळे म्हणजे सूक्ष्मजीवांच्या चिकट थरात अडकलेले वायूचे बुडबुडे. आणि वळ्या-वळ्यांच्या त्या नळ्या बऱ्याचशा शैवालाच्या!

आता फरक ओळखायचा कसा? बाहेरून दोन्ही सारख्याच. उत्तर आत असतं. प्राण्याची नळी म्हणजे त्याचं घर, त्यामुळे आत साधारणपणे सलग पोकळी. शैवालाचा तंतू म्हणजे एकावर एक रचलेल्या पेशी, त्यामुळे आत ठरावीक अंतरावर आडवे पडदे. दगड न फोडता, क्ष-किरणांनी त्रिमितीत बघितल्यावर हे पडदे स्पष्ट दिसले. २०१७ मध्ये बेंगट्सन मंडळींनी ही लाल शैवालं असावीत असं मांडलं आणि त्यातल्या एकाचं नाव ठेवलं 'रफातआझ्मिया चित्रकूटेन्सिस'.

इथे मी थांबलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या एका नवीन पोराने बग टाकला होता, 'रात्री सर्व्हर मरतो, मेमरी लीक आहे'. माझ्याकडे काही तसं होईना. मी 'नॉट रिप्रोड्यूसिबल' म्हणून बंद केला, वर मीटिंगमध्ये त्याची थोडी खेचलीसुद्धा. तीन आठवड्यांनी क्लायंटचा सर्व्हर खरंच झोपला. लीक नव्हती, डेटाबेसची कनेक्शन्स कुणी बंदच करत नव्हतं. म्हणजे त्याचं निदान चुकलं होतं, पण त्याने पाहिलेलं शंभर टक्के खरं होतं. शोधून काढल्याबद्दल कौतुकाची मेल आली ती माझ्या नावाने. मी 'थँक्स' लिहून मोकळा झालो. पोरगा पुढे नोकरी सोडून गेला.

चुकलेल्या माणसाचंसुद्धा नाव ठेवता येतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

असो. आज सकाळी त्याला मेसेज टाकलाय, "त्या बगचं श्रेय तुझं होतं रे. सॉरी." अजून निळी टिक आलेली नाही.