भाव खाणारा गृहस्थ

तिरुवैयारुला भाव म्हटलं की आधी आठवतो तो त्यागराजांच्या गाण्यातला. तंजावरच्या भोसल्यांचा जुना मुलूख, कावेरीचा काठ, पौष वद्य पंचमीला समाधीपुढे बसून एका सुरात पंचरत्न कृती गाणारे शेकडो गवई. पण मला ओळख करून द्यायची आहे ती दुसऱ्याच भावाची. हा गृहस्थ गावातल्या पेट्रोलपंपावर राहतो, सकाळी सहाला उठतो आणि उठल्या उठल्या भाव खायला लागतो.

सहाची ही शिस्त त्याची जन्माची नव्हे. पूर्वी तो पंधरवड्यातून एकदा कूस बदलायचा. 16 जून 2017 पासून रोज बदलायला लागला, तीही पाच-दहा पैशांनी. इतक्या हलक्या पावलांनी येणाऱ्याची चाहूल लागत नाही.

त्यातून त्याला तोंड लपवायची खोड आहे. एक्सएल मोपेडच्या मागे वैरणीचा भारा आवळून आलेला शेतकरी लिटरनं पेट्रोल मागत नाही. तो नोट पुढे करतो आणि शंभराचं टाकायला सांगतो. नोट तीच, भारा तोच, शेतही तेवढ्याच अंतरावर. टाकीत पडणारं पेट्रोल तेवढं कमी. 2021 च्या जुलैत चेन्नईत स्वारीनं शंभरी ओलांडली, तेव्हा त्या नोटेत एक लिटरही मावेनासं झालं.

कुळाचा अभिमान तर विचारू नका. गाव कोणतं म्हटलं की ओमान, दुबई, ब्रेंट अशी नावं सांगेल. वास्तविक याचं एक घर इथंच आहे. तिरुवैयारुच्या पूर्वेला, समुद्रापर्यंत पसरलेल्या भातखाचरांखाली तेल आहे, वायू आहे. तिकडे नरिमणमला विहिरी आहेत, 1993 साली नागपट्टिनमजवळ छोटी रिफायनरीही उभी राहिली. पण या नात्याखातर त्यानं तंजावर जिल्ह्याला एक पैसा सोडलेला नाही. कारण तेल कुठल्या मातीतून निघालं हे तो बघतच नाही. तयार पेट्रोल परदेशातून जहाजानं आणलं असतं तर काय पडलं असतं, मुख्यतः या हिशोबावर तो ठरतो. आपल्या परभणीकरांना त्याचा हा कोरडेपणा वेगळा सांगायला नको. मनमाडच्या डेपोपासून लांब असल्याचे पैसे तो त्यांच्याकडून चोख वसूल करतो. लांब राहणाऱ्याला दंड आहे, उशाशी राहणाऱ्याला सूट नाही.

म्हणून कावेरीच्या शेतकऱ्यांनी जे केलं ते मला पटतं. रिवाजाप्रमाणे जूनच्या 12 तारखेला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडतात आणि या पाण्यावर कुरुवैचं भात उभं राहतं. त्या भाताखालचा वायू काढायच्या योजना एकामागून एक आल्या. आधी मन्नारगुडीकडे मिथेन, मग 2017 मध्ये शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात नेडुवासल. त्याच वर्षी 30 जूनला तंजावर जिल्ह्यातल्याच कदिरामंगलमला तेलाची नळी फुटली, तेल शेतात पसरलं. गाव जमलं, लाठ्या चालल्या, माणसं तुरुंगात गेली. सेंद्रिय शेतीचे नम्माळवार मिथेनविरुद्ध गावोगाव फिरत असतानाच 2013 च्या डिसेंबरात गेले होते. शेवटी फेब्रुवारी 2020 मध्ये राज्यानं कायदा करून हा टापू संरक्षित शेती क्षेत्र ठरवला. नव्या विहिरींना बंदी आली. जुन्या चालू राहिल्या. देशाला तेल नको का, असं या लोकांना विचारणारे पुष्कळ भेटतात. विहिरी वाढल्या असत्या तर पंपावरचा भाव उतरला असता का, हे मात्र ते सांगत नाहीत.

या गृहस्थाला निवडणुकीचा मोठा धाक. मतदान जवळ आलं की तो मौन धरतो. तमिळनाडूत 2021 च्या एप्रिलात मतदान झालं, त्या आधीपासून तो जवळजवळ गप्प होता. उतरला तोही पैशांत. 2 मेला मोजणी झाली, 4 मेला त्याला कंठ फुटला. पुढच्या हिवाळ्यात उत्तर प्रदेशाच्या निवडणुकीच्या वेळी तर 137 दिवस अवाक्षर काढलं नाही.

घरात दोन चुलते आहेत, थोरले दिल्लीचे, धाकटे चेन्नईचे, आणि दोघांचेही हात याच्या खिशात. 2020 मध्ये जगभर कच्चं तेल गडगडलं, तेव्हा थोरल्यांनी मार्च आणि मे मिळून लिटरमागे 13 रुपये कर वाढवला आणि उतरलेला पैसा वरच्यावर झेलला. पुढच्या वर्षी त्यांचा कर होता 32 रुपये 90 पैसे. त्यातला राज्यांबरोबर वाटून घ्यायचा मूळ कर फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकीचे साडेएकतीस अधिभारात आणि विशेष करात. धाकट्यांची तक्रार याबद्दल आहे आणि ती खरी आहे. पण धाकट्यांनीही जाहीरनाम्यात 5 रुपये कमी करू म्हटलं होतं, 2021 च्या ऑगस्टमध्ये सोडले 3. त्याच वर्षी सप्टेंबरात जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत याला जीएसटीत घ्यायचा विषय निघाला, तेव्हा बहुतेक राज्यांनी नको म्हटलं. भांडणारे चुलते त्या एका गोष्टीवर एक झाले.

तिरुवैयारुच्या किराणा दुकानात साबण घेतला तर बिलावर कर किती ते वेगळं छापलेलं असतं. पंपाच्या पावतीवर दर, लिटर आणि रक्कम एवढंच. शंभरातले किती दिल्लीला गेले, किती चेन्नईला, हे त्या एक्सएलवाल्याला कुणी लिहून देत नाही. पेट्रोलच्या पावतीवरही दोन्ही कर वेगळे छापा, ही मागणी तंजावरात करायला हवी आणि परभणीतही. तुम्ही पंपावर जाल तेव्हा पावती मागा आणि ती मालकाला दाखवून विचारा, यात कर किती?