चांदीचा कस

चिखलदऱ्याच्या बाजारात कोरकू स्त्रियांच्या अंगावरील चांदीचे दागिने न्याहाळण्याचा मला छंद आहे. ही चांदी म्हणजे गरिबाची पुंजीच. अडचणीच्या वेळी ती मोडून घरात धान्य आणावयाचे. म्हणून खरेखोटे पारखता आले पाहिजे. जर्मन सिल्व्हर चांदीसारखेच चकाकते. परंतु तांबे, जस्त व निकेल यांच्या त्या मिश्रणात चांदीचा अंशही नसतो. भारतीय मानक ब्यूरोने २००५ साली चांदीच्या दागिन्यांसाठी शुद्धतेचे चिन्ह सुरू केले. त्यातील ९२५ हा आकडा सांगतो, की हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी आहे. जुन्या दागिन्यांवर असे चिन्ह नसते. तेथे सराफाची कसोटीच खरी. मुलांनो, आजीच्या काळवंडलेल्या तोड्यांना हिणकस म्हणण्यापूर्वी ते कसाला लावून पाहा. चकाकी फसविते, कस फसवीत नाही.