सांगितलं तिथे गेलेली माणसं

प्रिय मावशी,



परवा फोनवर तू म्हणालीस, "अगं, आम्ही गाझातल्या लोकांना आधीच सांगितलं होतं, समुद्राकडे अल-मवासीत जा म्हणून. ते गेले. मग त्यांच्यातच तो दैफ येऊन लपला, त्याला आम्ही काय करायचं?" मी विषय बदलला, तुझ्या गुडघ्यांचं विचारलं. तुझ्याशी फोनवर वाद घालण्याची हिंमत आईलाही कधी झाली नाही, मला कुठून होणार? म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे, कारण तुझं हे वाक्य इथे कर्जतच्या चहाच्या टपरीवरही मी ऐकते. तेही अशा माणसांकडून, ज्यांना तुझं इस्रायलमधलं अश्दोद नकाशावर दाखवता येणार नाही.

आधी, जे मला नाकारायचं नाही ते. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं इस्रायलमध्ये जे केलं ते कोणत्याही कारणानं धुऊन निघणारं नाही. सुमारे 1,200 माणसं मारली, 251 जणांना ओलीस धरून नेलं. मृतांत भारतीय वंशाच्या दोन तरुण महिला अधिकारी होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस गाझात लढताना मारला गेलेला दिमोनाचा वीस वर्षांचा मुलगाही कोकणातून तिकडे गेलेल्या तुमच्या बेने इस्रायल ज्यू समाजातलाच. भोंगा वाजला की अश्दोदमध्ये पंचेचाळीस सेकंदांत घरातल्या पक्क्या खोलीत पोचायचं असतं, आणि तुझ्या वयाला पलंगावरून उठायलाच तेवढे लागतात, हे मला ठाऊक आहे. हमासचा सेनापती मोहम्मद दैफ हा त्या हल्ल्याचा प्रमुख सूत्रधार. तो जगायला हवा होता असं मी म्हणत नाही. त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी नाही.

बोलायचं आहे ते त्याच्या आजूबाजूच्या माणसांबद्दल.

13 जुलै 2024. शनिवार. (7 ऑक्टोबरही शनिवारच होता. तुमच्या पूर्वजांना आपल्या रायगडात 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी तुमचा घाणा बंद असे. त्यामुळे हे दोन्ही वार माझ्या लक्षात राहिले आहेत.) सकाळी दहाच्या पुढे खान युनिसजवळच्या अल-मवासीत तुमच्या विमानांनी मोठे बॉम्ब टाकले. नेम दैफवर आणि हमासच्या खान युनिस ब्रिगेडचा प्रमुख राफा सलामावर होता. गाझाच्या आरोग्य खात्याच्या हिशेबानं किमान 90 माणसं मेली आणि सुमारे 300 जखमी झाली. त्यांत बायका-मुलं जवळजवळ निम्मी. तुमच्या लष्करानं सांगितलं की ते तंबूंचं वसतिस्थान नव्हतं, झाडांनी वेढलेलं हमासचं आवार होतं. असेलही. पण आवाराला लागून बाजार होता, पाण्याची रांग होती, तंबू होते, आणि त्या आकाराचा बॉम्ब कुंपण बघून थांबत नाही. दैफ मेल्याचं तुमच्या लष्करानं 1 ऑगस्टला जाहीर केलं आणि हमासनं 30 जानेवारी 2025 ला कबूल केलं. म्हणजे नेम लागला. माझा प्रश्न तरीही तिथेच आहे.

ती माणसं तिथे का होती? कारण त्यांना तिथे पाठवलं होतं. अल-मवासी म्हणजे समुद्राकाठची वाळूची अरुंद पट्टी, आधी काही हजार माणसांची वस्ती. युद्ध सुरू झाल्यावर लष्करानं विमानातून पत्रकं टाकली, फोनवर संदेश पाठवले. डिसेंबर 2023 मध्ये गाझाचे शेकडो तुकडे पाडून, त्यांना नंबर देऊन नकाशा काढला आणि पत्रकांवर क्यूआर कोड छापला. वीज नाही, नेट नाही, अशा माणसानं तो स्कॅन करून आपला नंबर शोधायचा. तरी लोक निघाले. गाढवगाडीवर गाद्या, गॅसची शेगडी, म्हातारी. लाखो माणसं त्या वाळूत येऊन पडली. संडास नाहीत, पाण्याला तासन् तास रांग. 'मानवतावादी क्षेत्र' असं नाव तुमच्या लष्करानं दिलं.

आता आपल्या खालापूरचं सांगते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता म्हणून नोंदली गेली, आणि चार दिवसांनी शोध थांबवला. ती ठाकरांची वाडी दरडीच्या धोक्याच्या यादीत नव्हती, हे नंतर सरकारनंच सांगितलं. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत आणून ठेवलं. त्या दिवसापासून ती माणसं सरकारच्या पदरात पडली. पाणी आलं नाही की तहसीलदाराला फोन. कंटेनर तापला की तहसीलदाराला फोन. कोणी आजारी पडलं, पोराची शाळा बुडाली, रेशन अडलं, तरी तहसीलदारालाच फोन. बरोबरच होतं ते. ज्यानं उचलून आणलं त्यानं निस्तरायचं. आता समज, त्या कंटेनरांत एखादा खुनी येऊन लपला असता. पोलीस आले असते, वेढा पडला असता, दोन रात्री कुणी झोपलं नसतं. पण 'आम्ही यांना डोंगरावरून आधीच खाली आणलं होतं, आता यांच्यात तो लपला त्याला आम्ही काय करणार' असं म्हणून सगळ्या कंटेनरांवरून बुलडोझर फिरवला असता, तर तू स्वतः अश्दोदहून फोन करून रायगडच्या कलेक्टरला शिव्या घातल्या असत्यास. आणि त्यातल्या निम्म्या मराठीत.

म्हणून मावशी, 'आम्ही आधी सांगितलं होतं' या वाक्यानं तुमचं ओझं हलकं होत नाही, वाढतं. तुम्ही सांगितलं नसतं तर ती माणसं विखुरलेली असती. सांगितल्यामुळेच ती एका जागी जमली. तुमच्या शब्दावर जो हलला त्याच्याशी तुमचा करार झाला. शत्रू त्यात घुसला म्हणून तो करार मोडत नाही.

कायदाही हेच सांगतो, फक्त रुक्षपणे. 1949 च्या जिनिव्हा करारात सुरक्षित क्षेत्रांची तरतूद आहे, पण ती दोन्ही बाजूंच्या संमतीनं ठरवायची. अल-मवासीबाबत अशी संमती कधीच झाली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था सुरुवातीपासून सांगत होत्या की गाझात कुठलीच जागा सुरक्षित नाही. 1977 च्या पहिल्या पूरक करारात म्हटलं आहे की शत्रूनं नागरिकांची ढाल केली, तरी हल्ला करणाऱ्याची नागरिकांबद्दलची जबाबदारी सुटत नाही. त्या करारात इस्रायल नाही. भारतही नाही, हे आपल्याकडच्या टाळ्या वाजवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

हमासचा दोष? आहे, आणि मोठा आहे. ज्या सेनापतीला आपल्याला शोधताहेत हे पक्कं ठाऊक आहे, त्यानं तंबूंच्या शेजारी बैठक भरवायची म्हणजे त्या तंबूंतल्या पोरांचा जीव पणाला लावायचा. तो अपराधच. पण एकाचा अपराध दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत नाही.

तू आणखी एक म्हणालीस: "ती माणसं तरी कुठली निष्पाप? त्यांनीच पोसलं ना हमासला?" यावर मला सिद्धगड आठवला. तू इथे असताना 2 जानेवारीला लोक पहाटे तिकडे जायचे, अजूनही जातात. माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील 1943 सालच्या त्या पहाटे तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बेचाळीसच्या चळवळीतल्या त्यांच्या भूमिगत टोळीनं, आझाद दस्त्यानं, टाटांच्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते घातपाती. आता भाईंना आणि दैफला एका तागडीत घालू नकोस, मीही घालत नाही. भाईंनी मनोरे पाडले, 7 ऑक्टोबरसारखी संगीतासाठी जमलेली पोरं कापली नाहीत. मी भाईंबद्दल बोलत नाहीच आहे. मी बोलते आहे त्यांना भाकरी देणाऱ्यांबद्दल. कर्जत-मुरबाडच्या वाड्यांवरच्या लोकांनी दस्त्याला लपवलं, जेवू घातलं. कुणी प्रेमानं, कुणी भीतीनं, कुणी दारात आलेल्या भुकेल्याला नाही म्हणायचं नाही म्हणून. ही सगळी माणसं दस्त्याची झाली का? बेचाळीसच्या चळवळीत इंग्रज सरकारनं गावंच्या गावं धरून सामुदायिक दंड बसवले तेव्हा आपण त्याला जुलूम म्हटलं. अजूनही शाळेच्या पुस्तकात तसंच शिकवतो.

आणि योगायोग बघ. 2 जानेवारी 2025 च्या पहाटे, इथले लोक सिद्धगडाच्या वाटेवर असतील त्या सुमारास, अल-मवासीत पुन्हा बॉम्ब पडला. गाझाच्या पोलिसांचा प्रमुख महमूद सलाह त्यात मारला गेला, त्याचा सहकारीही. एकूण मृत 11, त्यांत तीन मुलं. त्याआधीही, 26 मे 2024 ला रफाहच्या तल अस-सुलतानमध्ये दोन हमासवाल्यांवरच्या हल्ल्यानंतर तंबूंना आग लागून 45 माणसं गेली. त्याला तुमच्या पंतप्रधानांनी दुर्दैवी घटना म्हटलं. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला पुन्हा अल-मवासी, पुन्हा 'वरिष्ठ कमांडर', निदान 19 मृत. एकदा झालं तर चूक म्हणता येतं. इतक्या वेळा झालं की तो हिशेब असतो: एका नावामागे अमुक माणसं चालतील. तो आकडा कुणी ठरवला, एवढं तरी तुम्ही तिथे विचारायला हवं.

"मग तुम्ही काय केलं असतं?" हे तू विचारणारच. आम्ही काय केलं ते सांगते, बरं आणि वाईट दोन्ही. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये तुमचा रब्बाय, त्याची बायको आणि पाहुणे ओलीस होते. ती दाट गल्ली. कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरानं गच्चीवर उतरले. त्यांतले गजेंद्रसिंह बिश्त तिथे मारले गेले. रब्बाय, त्याची बायको आणि ते पाहुणे वाचले नाहीत, पण शेजारच्या चाळी उभ्या राहिल्या. गिरगावात पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला, त्याच्यावर खटला चालला. खान युनिसमध्ये माणसं उतरवणं कुलाब्याइतकं सोपं नव्हतं, मान्य. पण जोखीम कुणी घ्यायची, गणवेशातल्या जवानानं की पाण्याच्या रांगेतल्या पोरीनं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आणि वाईट: 5 मार्च 1966 ला आपल्याच वायुदलानं आपल्याच ऐझॉलवर मारा केला. पुढे मिझो गावं उठवून लोकांना रस्त्याकाठच्या ठरावीक वस्त्यांत कोंडलं. सुरक्षेसाठीच, असं तेव्हाही सांगितलं होतं. मिझोराम ते विसरलेला नाही. गाझाही विसरणार नाही. तुझ्या नातवाला त्या शेजारासोबत आयुष्य काढायचं आहे.

नागपूरचे कर्नल वैभव काळे तुला आठवत असतील, इथल्या पेपरात फोटो आला होता. सैन्यातून निवृत्त होऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गेले आणि 13 मे 2024 ला रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांची खूण असलेल्या गाडीत मारले गेले. त्यांच्या गाडीवर विमानानं नाही, रणगाड्यानं मारा केला असं संयुक्त राष्ट्रांनी म्हटलं. पुण्यात अंत्यसंस्कार झाले. खूण होती. मराठी घरातल्या माणसालाही ती खूण वाचवू शकली नाही, तर अल-मवासीतल्या बाईच्या तंबूला काय वाचवणार?

ऑक्टोबर 2025 मध्ये शस्त्रसंधी झाली, जिवंत ओलीस घरी आले. त्या दिवशी तू आभाराचा मलिदा केलास, एलियाहू हनबीचं नाव घेतलंस, आणि फोनवर पोह्यांत खोबरं कमी पडल्याची तक्रार केलीस. मला फार बरं वाटलं होतं. तेव्हा भोंगे थांबले होते, म्हणून हे बोलता येईल, असं वाटलं. सामान्य दिवसांतच असल्या गोष्टींचे नियम ठरतात. विमान आकाशात गेल्यावर कुणी ऐकत नाही.

तर एक मागणं. तुझा नातू राखीव सैनिक आहे. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून तू हे हिब्रूत सांग. त्याला सांग की माणसांना एखाद्या जागी जायला सांगितलं, तर त्या जागेवर बॉम्ब टाकायचा हक्क आपण सोडलेला असतो, आत कोणीही लपलेला असो. त्याच्या हाती कधी असा नकाशा आला, तर त्यानं वरच्याला हे विचारावं. उत्तर आवडलं नाही, तर नाही म्हणावं. आणि हे पत्र तुमच्या तिथल्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाला पाठव. ते छापतील की नाही माहीत नाही, पण पाठव.

आईनं विचारलं आहे. रागावली असशील तरी फोन कर.

तुझीच,
कर्जतची भाची