स्प्रिंग गेली असेल!

जगात दोन निदानं अशी आहेत, की ती करायला कुठलीच पदवी लागत नाही. वस्तू जुनी असेल तर ‘स्प्रिंग गेली’, आणि माणूस जुना असेल तर ‘वय झालं’. पहिलं निदान घड्याळापासून दुकानाच्या शटरपर्यंत कशालाही चालतं. दुसरं गुडघेदुखीपासून विसराळूपणापर्यंत कुणालाही. दोन्हींचा मोठा गुण म्हणजे एकदा निदान झालं, की पुढे काहीच करावं लागत नाही. ‘सिस्टिम डाऊन आहे’ हे याच कुळातलं तिसरं निदान. पण ते आमच्या बँकेतलं घरचं प्रकरण असल्यामुळे त्याविषयी जास्त बोलत नाही.

पहिल्या निदानाखाली माझ्या सासऱ्यांची छऱ्याची बंदूक वाईच्या घरी २२ वर्षं माळ्यावर पडून होती. दुसऱ्या निदानाखाली खुद्द सासरे दोन वर्षं ओटीवर बसून होते. नानांचं वय ८१. विचारावं एक आणि उत्तर यावं भलतंच. “नाना, चहा घेणार?” म्हटलं की “शुक्रवारी” म्हणायचे. हळूहळू कुणी काही विचारीनासं झालं आणि मग तेही बोलेनासे झाले.

एक दिवस मेहुण्याचा फोन आला. “दाजी, नानांना आता काही कळत नाही. त्यांच्या खात्याचा व्यवहार माझ्याकडे घेतलेला बरा. येताना मुखत्यारपत्राचा नमुना घेऊन या.” जावई बँकेत असला की सासरची मंडळी त्याच्याकडे कोऱ्या फॉर्मांचं झाड म्हणूनच बघतात. मी नमुना घेऊन गेलो.

पोचलो तेव्हा माळा रिकामा करण्याचं काम जोरात चाललं होतं. दारात भंगारवाला उभा, आणि त्याच्या तराजूत पितळी बंबाशेजारी बंदूक. नाना ओटीवरून उठले, तराजूपाशी गेले, बंदूक उचलली आणि घरात निघून गेले. एक शब्द बोलले नाहीत. ज्याला काही कळत नाही असा माणूस बंब सोडून बंदूकच कशी उचलतो, हा प्रश्न मला तिथेच पडला. फॉर्म मी पिशवीतच ठेवला.

बंदूक नानांच्या वडिलांनी १९३८ साली मुंबईहून आणलेली, जर्मनीतल्या राश्टाट गावची डायना. या कारखान्याची सुरुवात १८९० ची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची यंत्रसामग्री पार स्कॉटलंडला गेली. म्हणजे बंदूक इथे शाबूत आणि कारखानाच स्थलांतरित! तिच्यावर शिकारीच्या देवीचं चित्र कोरलेलं आहे. देवीनं धनुष्यबाण खाली टाकून दिलाय आणि हातात छऱ्याची बंदूक उंच धरली आहे. सासूबाई, म्हणजे माई, लग्न होऊन आल्यापासून या देवीचा उल्लेख फक्त ‘ती बाई’ असा करतात. “दर रविवारी त्या बाईला तेल लावायचे हे. माझी वेणी कधी सरळ झाली नाही ते बघायला वेळ नव्हता!”

“स्प्रिंग गेली असेल,” मेहुणा म्हणाला. “आणि हिच्यात हवा भरतात कुठून?”

हवा भरत नाहीत. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं ज्या जातीच्या रायफलीवर सुवर्णपदक मिळवलं, तिच्यात हवा आधीच दाबून भरलेली असते. हिचं तसं नाही. नळी मधोमध मोडली की आतला दट्ट्या मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि चापाच्या खाचेत अडकून राहते. चाप ओढला की दट्ट्या सुसाट पुढे येतो, समोरची हवा दाबली जाते आणि एका बारीक भोकातून छऱ्याच्या पाठीत बसते. म्हणजे स्प्रिंग फक्त ढकलणार. छरा मारणार ती हवा. स्प्रिंग कितीही जोमदार असली तरी हवा वाटेत निसटली, की छरा डुलत डुलत जाणार. सरकारी योजनेचे पैसे गावापर्यंत जातात तसा.

आता घोटाळा असा, की आतला कुठलाही भाग झिजला तरी वरून लक्षण एकच दिसतं: मार कमी. आमच्याकडेही ताळेबंद जुळला नाही की बाहेरून दिसते ती फक्त तफावत. अशा वेळी नवशिका मोठमोठ्या रकमा तपासत बसतो. पण कॉमर्सला आम्हाला शिकवलं होतं, की तफावत नऊनं भागली जात असेल तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिले असण्याचा संशय घ्यावा. चूक बहुधा बारीक ठिकाणी असते. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि एकेका भागाचं खातं तपासायला घेतलं.

आधी सुरुवातीची शिल्लक. घरात एक जुनी टेलिफोनची डिरेक्टरी होती. परसात मातीच्या ढिगाला ती टेकवून पाच पावलांवरून छरा मारला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पाखरांवर नेम धरायचा प्रश्नच नव्हता, आणि डिरेक्टरीला अजून कुठल्याही कायद्यानं संरक्षण दिलेलं नाही. छरा ३१ पानं भेदून थांबला.

मग स्प्रिंग. तुटलेली स्प्रिंग नळी मोडताना करकरते, मध्येच अडखळते. दमलेली स्प्रिंग मऊ लागते. मेहुण्याला नळी मोडायला सांगितली. तो रोज व्यायामशाळेत जातो, असं तो म्हणतो. त्याचा चेहरा लाल झाला, पण करकर नाही. स्प्रिंगचं खातं तूर्त स्वच्छ.

तिसरी गोष्ट चापाची खाच. ती झिजली असेल तर दाबलेली स्प्रिंग आपोआप सुटते, आणि मोडलेली नळी फटकन मिटून छरा भरणाऱ्याची बोटं घेऊन जाते. म्हणून छरा भरताना एका हातानं नळी घट्ट धरायची असते, आणि या तपासाला बोट मध्ये घालून बघायचं नसतं. खाच पक्की निघाली.

चौथा सांधा. नळी जिथे मिटते तिथे चामड्याचं एक छोटं कडं असतं. त्या फटीवर पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवली आणि चाप ओढला. पट्टी थेट तुळशीवृंदावनात जाऊन पडली. चोर सापडला! चप्पल दुरुस्त करणाऱ्यांकडून तेवढं कडं कापून आणलं, बसवलं. आता पट्टी जागची हलेना. डिरेक्टरीत पानं मोजली, तर ४६.

“बघा, बाकीची स्प्रिंग गेलेली आहे,” मेहुणा म्हणाला.

चाप ओढला की आत खाड्कन लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा आवाज येत होता. मी विचारात पडलो असतानाच स्वयंपाकघराच्या दारातून माई म्हणाल्या, “अहो, वायसर सुकलाय त्या बाईचा.”

आम्ही बघतच राहिलो.

“चाळीस वर्षं स्टोला पंप मारलाय मी. वायसर सुकला की दांडा असाच मोकळा जाऊन आपटतो. हवा अडली तर दांडा आपटेल कशाला?”

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. धडधाकट बंदुकीत दट्ट्यासमोरची दाबलेली हवाच उशीसारखी मध्ये येते आणि त्याला सावकाश टेकवते. हवा कडेनं निसटली की उशी गेली, म्हणजे खाड्कन. याच कारणानं छऱ्याशिवाय रिकामी बंदूक उडवू नये म्हणतात. स्टोच्या पंपात आणि या बाईच्या पोटात वाटीच्या आकाराचा चामड्याचा वायसर एकाच गोत्राचा.

बंदूक उघडण्याचं काम मात्र स्टोइतकं सोपं नाही. स्प्रिंग आत आधीच दाबून बसवलेली असते. मागचं बूच मोकळं करताच ती बुचासकट कपाळावर येते. सुताराचा लांब शिकंजा आणून, त्यात बंदूक पकडून, एकेक आटा सैल करत ती काढली. स्प्रिंग जराशी वाकली होती, पण अखंड होती. आणि वायसर? खारकेसारखा! कडा आत वळलेल्या, भेगा पडलेल्या. माईंनी तो हातात घेतला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

नवा वायसर कापून घेतला, तेलात रात्रभर मुरवला आणि पुसून बसवला. माईंचा आग्रह खोबरेलाचा होता. पण खोबरेल थंडीत थिजतं, आणि तेल जास्त झालं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते आतच पेट घेतं, धूर आणि बार दोन्ही निघतात. म्हणून सिलिकॉनचं तेल आणलं. परदेशात यासाठी गुरांच्या पायांच्या हाडांचं तेल वापरतात, ही माहिती मी सोवळ्यातल्या घरात दिली नाही.

डिरेक्टरी: ९७ पानं. ३१ वरून ९७, आणि स्प्रिंग तीच!

त्या रात्री झोप लागेना. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचा ‘मार कमी’ झाला तर आपण कितव्या खात्यापर्यंत तपास केला? दुसऱ्या दिवशी नानांना मी कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दोन्ही कानांत मिळून एवढा मळ निघाला, की डॉक्टरांनी तो कौतुकानं ट्रेमध्ये मांडून दाखवला. बाहेर आल्यावर रिक्षाचा हॉर्न ऐकून नाना दचकले आणि म्हणाले, “हे केव्हापासून एवढे ओरडायला लागले?”

संध्याकाळी परसात सगळे जमले. मी पहिला छरा मारला. नाना खुर्चीतून म्हणाले, “झणझणतेय. स्प्रिंगला ग्रीस कमी पडलंय.” माझ्या कानाला ती झणझण लागलीच नव्हती. मेहुणा माझ्याकडे बघायला लागला, आणि माई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

“मी मारतो,” नाना म्हणाले. नळी मी मोडून दिली. डिरेक्टरीची आतापर्यंत चाळण झाली होती, तेव्हा नेमाला काहीतरी नवा कागद हवा होता. माझ्या पिशवीत एक कोरा नमुना होताच. मेहुण्यानंच तो मातीच्या ढिगावर टाचून दिला. नानांनी चष्मा वर केला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

छरा बरोबर सहीच्या चौकटीत लागला. बँकेच्या माणसाला याहून स्पष्ट सही लागत नाही.