न पाळलेला विलंब

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी माझा एक वर्गमित्र आणि मी मिळून प्रकल्प करीत होतो. कामाची वाटणी सरळ होती : लिहिणे माझ्याकडे, जोडकाम त्याच्याकडे. आरंभ म्हणून एक एलईडी दिवा अर्धा सेकंद लावायचा आणि अर्धा सेकंद विझवायचा होता. व्हेरिलॉग भाषेत मी लिहिले : क्लॉकचा ठोका पडला की ५० कोटी नॅनोसेकंद थांब, मग दिव्याची स्थिती उलट कर. सिम्युलेटरच्या पडद्यावर आलेख अचूक वरखाली झाला. तोच मजकूर एफपीजीए चिपमध्ये उतरवला, तेव्हा दिवा लुकलुकेना. किंचित मंद, पण एकसारखा जळत राहिला.

“तुझं सोल्डरिंग कच्चं आहे,” मी म्हणालो. त्याने काही न बोलता सगळे सांधे उकलून पुन्हा जोडले. दोनदा.

तिसऱ्या दिवशी मी वॉर्निंगची यादी प्रथमच नीट वाचली. तीत एक ओळ होती : विलंबाकडे दुर्लक्ष केले आहे.

व्हेरिलॉग १९८४ च्या सुमारास जन्मली ती मुख्यतः सिम्युलेशनसाठी. त्याच मजकुरातून प्रत्यक्ष परिपथ घडवण्याचे, म्हणजे सिंथेसिसचे, काम तिच्याकडे पुढे आले. सिम्युलेटरमधला काळ कादंबरीतल्या काळासारखा असतो. निवेदकाने ‘दहा वर्षे लोटली’ म्हटले की ती लोटतात. सिम्युलेटरही एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी घेतो; मधल्या रिकाम्या काळाची किंमत कोणी मोजत नाही. चिपमध्ये मात्र ‘थांब’ ह्या शब्दाला जुळणारी वस्तूच नसते. म्हणून सिंथेसिसने तेवढा शब्द गाळला आणि उरलेली आज्ञा इमानाने पाळली. आमचे क्लॉक सेकंदाला ५ कोटी ठोके देत होते. दिवा लुकलुकतच होता, सेकंदाला अडीच कोटी वेळा. आमच्या डोळ्यांना ते दिसत नव्हते, इतकेच.

चिपमध्ये थांबायचे तर ठोके मोजावे लागतात. अर्ध्या सेकंदासाठी अडीच कोटी ठोके, आणि ते मोजायला २५ फ्लिप-फ्लॉपांचा काउंटर. मी लिहिलेला विलंब तिथे नव्हताच. पण न लिहिलेला होता. प्रत्येक गेटमधून, प्रत्येक तारेतून जाताना संकेताला थोडा वेळ लागतो, आणि त्याने पुढचा ठोका पडण्याआधी, म्हणजे २० नॅनोसेकंदांच्या आत, पोहोचावे लागते. उशीर झाला तर चुकीचे मूल्य टिपले जाते. हा वेळ लेखकाच्या इच्छेवर नाही, द्रव्यावर आणि अंतरावर ठरतो.

काउंटर बसवल्यावर दिवा लुकलुकला. मित्र मनापासून हसला. चूक माझी होती, हे मी त्याला सांगितले नाही. योग्य वेळी सांगू, असे ठरवले. त्याला आता वीसहून अधिक वर्षे झाली. मनातल्या मनात मी त्याची क्षमा अनेकदा मागितली आहे, आणि तिथे त्याने ती प्रत्येक वेळी केलीही आहे.