सरकारवाड्याच्या पायऱ्या

नाशिकला आलेल्या पाहुण्याला रिक्षावाला रविवार कारंजापर्यंत आणतो. पुढे सराफ बाजारातली गर्दी पाहून तो हात वर करतो आणि म्हणतो, आता पायीच जा. नदीच्या दिशेने चालू लागले की बाजाराच्या गर्दीतच उंच जोत्यावर बसलेला एक जुना वाडा दिसतो. खाली दगड, वर लाकूड आणि रस्त्यावरून चढत जाणाऱ्या पायऱ्या. हाच सरकारवाडा.

वाडा पेशवेकालीन आहे. त्याआधी मोगलांच्या अमलात या शहराचे नाव गुलशनाबाद होते. अठराव्या शतकाच्या मध्याला शहर पेशव्यांकडे आले आणि नाशिक हे जुने नाव पुन्हा रूढ झाले. जुन्या नाशकातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून 'गुलशनाबाद' अजून ऐकू येते. माझ्या सासऱ्यांच्या एका जुन्या वहीवरही तेच नाव लिहिलेले आहे.

राज्य बदलले, पण कचेरीची भाषा फारशी बदलली नाही, याची मला नेहमी गंमत वाटते. पेशवा हा शब्द फारसी आणि सरकारही फारसी. फर्दनवीसचा फडणवीस झाला, मुआमल्यावरून मामलेदार आला, दफ्तराचे दप्तर झाले. ते दप्तर आज आमची मुले पाठीवर घेऊन शाळेत जातात. 'सरकारवाडा' या एका नावात फारसी आणि मराठी अशी शेजारी नांदतात, जशी काझीपुऱ्यात आणि भद्रकालीत घरे एकमेकांना टेकून उभी आहेत.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि वाडा इंग्रजांच्या हाती गेला. १८६९ मध्ये नाशिक हा वेगळा जिल्हा झाला आणि कामकाज वाढले. बाजाराच्या मधोमध असलेली एवढी मोठी, मजबूत वास्तू रिकामी कोण ठेवणार? वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या, पोलीस आले. १८४० मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालयही काही काळ याच वाड्यात होते. पुढे ते टिळक पथावर स्वतःच्या इमारतीत गेले. एकाच छपराखाली कोणी फिर्याद द्यायला यायचे, तर कोणी वर्तमानपत्र वाचायला. पोलीस ठाणेही नंतर तिथून हलले. नाव मात्र सोबत घेऊन गेले. आजही त्याला सरकारवाडा पोलीस ठाणेच म्हणतात. नवख्या माणसाला वाड्याचा पत्ता विचारला, तर तो ठाण्याकडे बोट दाखवतो.

पण नाशिककरांनी या वाड्याला कोणत्याही सरकारने दिले नाही असे एक काम दिले, ते म्हणजे पूर मोजायचे. गोदावरी चढू लागली की बातमी आकड्यांत येत नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, नारोशंकराच्या घंटेपर्यंत गेले, असे लोक सांगतात. आणि कोणी "सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागले" म्हटले, की भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. १९६९ चा महापूर अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लहानपणी पाहिला. पाण्यातून पितळी हंडे तरंगत गेले, हे ते अजून हाताने दाखवून सांगतात. सप्टेंबर २००८ च्या पुरात आम्ही सगळे गच्चीवर होतो. अब्बा दर अर्ध्या तासाने एकच प्रश्न विचारत होते, "सरकारवाड्याची कितवी पायरी?"

आता वाडा राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. दुरुस्ती झाली आणि आत वस्तुसंग्रहालय आले. यंदा रमजान ईदनंतर आम्ही घरची सगळी जणे तो पाहायला गेलो. बाहेर कान किटतील असे हॉर्न आणि आत पाऊल टाकताच चौकातली शांतता. कोरीव लाकडी खांब हाताला थंड लागतात. माझी धाकटी एका खांबाला मिठी मारून उभी राहिली आणि हात पुरत नाहीत म्हणून भावाला बोलवू लागली. जुन्या नाशकातले आम्ही किती जण इतक्या वर्षांत आत गेलो होतो? अम्मींनी साठ वर्षे या रस्त्याने भाजी आणली, पण त्या पहिल्यांदाच पायऱ्या चढल्या. त्यांच्या लेखी ती पोलिसांची जागा होती. बायकांनी तिथे कशाला जायचे?

मला वाटते, हा वाडा टिकला तो त्याच्या थोरपणामुळे नव्हे. कोणा ना कोणाला त्याची सतत गरज पडत गेली म्हणून टिकला. छप्पर गळले तर आत बसणाऱ्या साहेबाच्या कागदांवर पाणी पडणार. मग कौले बदलली जाणारच. भोवतालच्या शेकडो वाड्यांचे तसे नाही. तिथे मालक एक, भाडेकरू दहा, वाटेकरी वीस. भाडे इतके जुने की त्यात एक खिडकीही बसवता येत नाही. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात कुठला तरी वाडा कोसळल्याची बातमी येते. आमच्या घरालाही जून लागला की धोकादायक म्हणून नोटीस येते. थोरले दीर म्हणतात, पाडू या, तीन मजली बांधू या. अब्बा गप्प बसतात. मला दोघांचे पटते, पण रात्री जोराचा पाऊस लागला की दिरांचे जास्त पटते. मुले त्याच तुळईखाली झोपतात ना.

म्हणून त्या दिवशी अब्बा दालनांत फारसे रमले नाहीत. ते वरच्या मजल्याच्या तुळया बघत हिंडत होते. कुठे जुने लाकूड ठेवून नवा सांधा घातला आहे, ते बोटाने चाचपून पाहत होते. शेवटी त्यांनी पहारेकऱ्याला गाठले आणि विचारले, "भाऊ, हे काम करणारे सुतार कुठले? खाजगी घराचे काम घेतात का?" तो हसला, म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. अब्बांनी खिशातून कागद काढला आणि आमच्या घराचा पत्ता लिहून दिला. पावसाळ्यापूर्वी दोन वेळा ते पुन्हा जाऊन आले.

सुतार अजून आलेला नाही. दिरांनी बिल्डरला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे.